पाचवे माप

भास्कराचार्य रागावलेले सहसा कुठे दिसत नाहीत. ‘लीलावती’त मोर आहेत, भुंगे आहेत, तळ्यातले कमळ आहे, वाऱ्याने मोडलेला वेळू आहे. शिकणाऱ्याशी बोलण्याचा सूर जवळजवळ सगळीकडे लाडाचा आहे. चौकोनाच्या क्षेत्रफळापाशी आल्यावर मात्र तो सूर करडा होतो. लंब किंवा कर्ण यांपैकी एकही माप न सांगता, नुसत्या चार बाजू देऊन जो चौकोनाचे नेमके क्षेत्रफळ विचारतो तो पिशाच, आणि अशा प्रश्नाला जो उत्तर देतो तो त्याहून मोठा पिशाच, असे त्यांनी स्वच्छ सांगून टाकले आहे. ग्रंथ ११५० सालचा. मी नाशिकच्या अंबडला राहतो, गणित शिकवतो, आणि हाच प्रश्न आजही लोक घेऊन माझ्याकडे येतात.

कोणी वहीच्या पाठकोऱ्या पानावर चार आकडे लिहून आणतो, कोणी मोबाइलमध्ये खरेदीखताचा फोटो दाखवतो. “सर, पूर्वेला एवढं, पश्चिमेला एवढं, रस्त्याच्या अंगाला एवढं, मागं एवढं. किती गुंठे झाले?” माणूस भला असतो, घाईत असतो, आणि त्याचे आयुष्यभराचे पैसे त्या चार आकड्यांत अडकलेले असतात. कागदावर चतुःसीमा असते. कोणाची हद्द कुठे लागते, कुठे नाला, कुठे रस्ता, सगळे असते. फक्त पाचवे माप नसते. मी त्याला म्हणतो, परत जा, एका कोपऱ्याच्या दगडावर टेप धर, समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरका ताण, आणि तो आकडा घेऊन ये. बऱ्याच जणांना वाटते, सर हिशेब टाळताहेत.

टाळत नसतो. चार बाजूंवरून उत्तर निघतच नाही, हे एकदा कोणाला करून दाखवावे लागते. मी उदाहरण घेतो ते जुन्या गणितींचेच: तळाची बाजू ६०, समोरची २५, डावी-उजवी ३९ आणि ५२. आपल्याकडे ही बाजूंची चौकडी फार प्रसिद्ध. भास्कराचार्यांनीही ती घेतली आहे आणि आधीच्या आचार्यांनी तिचे कर्ण ५६ आणि ६३ असे ठरलेलेच धरले होते, ते तसे ठरलेले नसतात, हे दाखवायला घेतली आहे.

आता हिशेब करू. ५६ चा कर्ण टाकला की चौकोनाचे दोन त्रिकोण होतात. एकाच्या बाजू २५, ३९, ५६ आणि दुसऱ्याच्या ५२, ६०, ५६. पहिल्याचे क्षेत्रफळ ४२०, दुसऱ्याचे १३४४, बेरीज १७६४. त्याच चार बाजू ठेवा, एक काठीसुद्धा लांब-आखूड करू नका, फक्त चौकट थोडी दाबा म्हणजे तो कर्ण ४० होईल. आता त्रिकोण २५, ३९, ४० चे क्षेत्रफळ ४६८ आणि ५२, ६०, ४० चे जवळजवळ १०२५. बेरीज १४९३. कुंपण तेवढेच, तार तेवढीच, खांब तेवढेच, आणि जमीन २७१ ने कमी. हे आकडे फुटांत धरले तर २७१ चौरस फूट म्हणजे राहती खोली आणि स्वयंपाकघर.

गावात चालणारी रीत अजून तिसरेच उत्तर देते. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन सरासऱ्यांचा गुणाकार करायचा. ६० आणि २५ ची सरासरी साडेबेचाळीस, ३९ आणि ५२ ची साडेपंचेचाळीस, गुणाकार १९३३.७५. ही रीत फार जुनी आहे. इजिप्तमध्ये एडफूच्या देवळाच्या भिंतीवर दान दिलेल्या शेतांची यादी कोरली आहे, तीही याच रीतीने मोजलेली. आपल्याकडे ब्रह्मगुप्तांनी ६२८ साली तिला स्थूल म्हटले आणि शेजारी सूक्ष्म रीत दिली. स्थूल रीत आयताला बरोबर उत्तर देते. बाकी कुठल्याही चौकोनाला ती जास्तच देते, कधीही कमी देत नाही. म्हणजे या रीतीने ज्याने जमीन विकली तो नफ्यात आणि ज्याने घेतली तो तोट्यात, आणि दोघांच्याही मनात पाप नसते. मला हे फार लागते. लबाडीवर निदान भांडता येते. हिशेबाच्या रीतीतच तोटा बसलेला असला तर भांडायचे कोणाशी?

ब्रह्मगुप्तांची सूक्ष्म रीत अशी: चारही बाजूंच्या बेरजेचे निम्मे घ्यायचे, त्यातून एकेक बाजू वजा करायची, चारही वजाबाक्यांचा गुणाकार, त्याचे वर्गमूळ. वरच्या उदाहरणात निम्मी बेरीज ८८. वजाबाक्या २८, ६३, ४९, ३६. वर्गमूळ बरोबर १७६४. पण हे त्या चार बाजूंतून होऊ शकणारे सर्वांत मोठे क्षेत्रफळ आहे. चारही कोपरे एका वर्तुळावर येतील तेव्हाचे. ही रीत प्रत्येक चौकोनाला लागू पडत नाही, ही मेख भास्कराचार्यांनी ओळखली. तीच रीत त्यांनी दिली आणि सांगितले की चौकोनाला हे उत्तर अस्फुट, त्रिकोणाला स्पष्ट. चौथी बाजू शून्य करा, तेच सूत्र त्रिकोणाचे होते आणि मग त्यात शंकेला जागा राहत नाही. अलेक्झांड्रियाच्या हेरॉनच्या नावाने तेच सूत्र आमच्या आठवीच्या पुस्तकात आहे. मुले ते पाठ करतात, s म्हणजे अर्धपरिमिती असे लिहितात, आणि उत्तराखाली दोन रेघा मारून मोकळी होतात. या सूत्राला शंका का नाही, हे मात्र त्यांना हाताने कळायला हवे असे मला वाटते.

हाताने कळण्याची जागा अंबडमध्येच आहे. एमआयडीसीत कुठल्याही फॅब्रिकेशनच्या शेडसमोर थोडा वेळ उभे राहिले की पुरे. गेटची किंवा मशिनच्या बेडची चौकट बनत असते. चार नळ्या मापाने कापून जमिनीवर मांडतात, कोपऱ्यांना वेल्डिंगचे नुसते टाके मारतात. बाजू बरोबर आहेत, हे कापतानाच बघितलेले. तरी पक्के वेल्डिंग कोणी सुरू करत नाही. हेल्पर टेपचे टोक एका कोपऱ्याला धरतो, वेल्डर दुसरे टोक समोरच्या कोपऱ्यावर नेतो. “डायगोनल बघ.” ३ मीटर बाय ४ मीटरची चौकट असेल तर दोन्ही तिरकी मापे ५००० मिलिमीटर यायला हवीत. एक ५००६ आणि दुसरे ४९९४ आले, तर जिकडे जास्त आहे त्या कोपऱ्यावर हातोड्याचा बेताचा ठोका. पुन्हा माप. पुन्हा ठोका. दोन्ही सारखी झाली की एक पट्टी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी टाकून टाक्याने धरून ठेवतात आणि मगच पक्के वेल्डिंग. वेल्डिंगच्या उष्णतेने लोखंड ओढले जाते. ती तिरकी पट्टी चौकटीचे दोन त्रिकोण करते, म्हणून चौकट जागची हलत नाही.

तो ठोका मारणारा मुलगा बहुधा खानदेशातला, मराठवाड्यातला, नाहीतर बिहारमधला असतो. चौकोन लवचीक आणि त्रिकोण ताठ, हे त्याला कोणी फळ्यावर शिकवलेले नसते. तीन बाजू ठरल्या की त्रिकोण ठरला, त्याला दुसरा आकार घेताच येत नाही. म्हणून शेडच्या छताची कैची त्रिकोणांची. म्हणून खांब आणि तुळई जुळतात तिथे आतल्या कोपऱ्यात तिकोनी गसेट. त्या गसेटचे क्षेत्रफळही तिथे रोज निघते, कारण लोखंड वजनावर विकत आणावे लागते. काटकोनाच्या बाजू ३०० आणि ४०० मिलिमीटर, जाडी १०. क्षेत्रफळ ०.०६ चौरस मीटर. एक चौरस मीटर आणि एक मिलिमीटर जाडीच्या पोलादाच्या पत्र्याचे वजन ७.८५ किलो, तेव्हा एक गसेट ४.७१ किलोचे. तिसऱ्या बाजूचे माप विचारले तर सुपरवायझर मान वर न करता ५०० म्हणतो. गवंडीसुद्धा पायाची आखणी करताना दोरीवर तीन, चार, पाच फुटांच्या खुणा करूनच कोपरा गुण्यात आणतो. पायथागोरसचे प्रमेय दहावीत येते, पण अंबडमध्ये ते दहावी नापास झालेल्यांच्याही हातात आहे. शाळेत ज्याला ते आवडले नाही त्याला ते पोट भरायला उपयोगी पडले, ही गोष्ट मला वर्गात सांगावीशी वाटते आणि मी सांगतो.

काटकोन असेल तिथे सगळे सोपे. पाया गुणिले उंची, त्याचे निम्मे. काटकोन नसलेल्या त्रिकोणात उंची आधी शोधावी लागते. ‘लीलावती’तली रीत अशी की एका बाजूला भूमी मानायचे, समोरच्या शिरोबिंदूतून तिच्यावर लंब सोडायचा. लंबामुळे भूमीचे जे दोन तुकडे होतात त्यांना आबाधा म्हणतात. तिथले उदाहरण १३, १४, १५ चे आहे. १४ भूमी. लंब १२, आबाधा ५ आणि ९, क्षेत्रफळ ८४. एकही अपूर्णांक नाही, शिकणाऱ्याचे मन लागावे असे आकडे. पुढचे उदाहरण मला त्याहून आवडते. बाजू १० आणि १७, भूमी फक्त ९. आबाधा काढायला गेले की एक १५ येते आणि दुसरी ऋण ६. लंब भूमीवर पडतच नाही, तिच्या बाहेर पडतो. भास्कराचार्य ऋण उत्तराला घाबरत नाहीत. ऋण म्हणजे उलट दिशेला, एवढे सांगून पुढे जातात. लंब ८, क्षेत्रफळ ३६. ज्याने वाकड्यातिकड्या वावराचे माप घेतले आहे त्याला हे लगेच पटेल. लंब कधीकधी शेजाऱ्याच्या उसात जाऊन पडतो, आणि तो भाग वजा करावा लागतो.

हे गणित कुठल्या दूरच्या प्रांतातले नाही, हे आपल्या लोकांना फारसे ठाऊक नसते. नाशिकच्या पलीकडे खानदेशात, चाळीसगावाजवळच्या पाटणला, सह्याद्रीच्या कुशीत, एक शिलालेख आहे. यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी असलेले चांगदेव हे भास्कराचार्यांचे नातू. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांनी मठ काढला आणि त्याला दाने मिळाली, ते त्यात कोरले आहे. काळ १२०७ च्या सुमाराचा. लेखाचा शेवटचा भाग मराठीत आहे. १८६५ च्या सुमारास भाऊ दाजी लाडांनी तो उजेडात आणला. गणिताच्या शिक्षणासाठी दिलेल्या देणग्यांची नोंद मराठीत दगडावर आहे, ही गोष्ट मराठी शाळांच्या भिंतींवर लिहायला हवी.

जमिनीच्या मोजणीत ही भूमी-लंबाची रीत पुढेही चालत राहिली. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यातल्या पद्धतशीर मोजणीची सुरुवात १८३५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी केली. पुढे वावरावावरांतून शंकू-साखळी फिरली. साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. शंकू म्हणजे काटकोन साधायचे साधन. वावराच्या आरपार एक मुख्य रेषा धरायची, तिच्यावर चालत जायचे, आणि बांधाचा एकेक कोपरा आला की तिथपर्यंत डावीकडे-उजवीकडे लंब मोजायचा. वावर कितीही वेडेवाकडे असो, काटकोन त्रिकोण आणि समलंब चौकोन यांत त्याचे तुकडे पडतात. ही सगळी मापे ज्या कागदावर उतरवली ते टिपण. भूमी अभिलेख कार्यालयात जुनी टिपणे आजही बघायला मिळतात. पिवळट कागदावर एक लांब रेघ, तिला दोन्हीकडे फुटलेले आडवे फाटे, प्रत्येक फाट्यावर साखळी आणि आणे. कर्ण न टाकता जमीन मोजल्याचा गुन्हा त्या माणसांनी केला नाही, म्हणून बांध कोरून गायब झाला तरी टिपणावरून तो पुन्हा उभा करता येतो. आता मोजणीदार रोव्हर घेऊन येतो आणि उपग्रहांच्या आधाराने कोपऱ्यांचे स्थान घेतो. पण कोपरे मिळाल्यावर क्षेत्रफळ काढायचे ते त्रिकोणांची बेरीज-वजाबाकी करूनच. यंत्राच्या पोटातही दुसरी वाट नाही.

गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असते, आणि लोक आर आणि गुंठा एकच समजतात. आर म्हणजे १०० चौरस मीटर, १०७६ चौरस फुटांच्या थोडा वर. दर गुंठ्याला साडेबारा चौरस फुटांचा फरक. चाळीस गुंठ्यांत तो पाचशे फुटांवर जातो. ज्या गावात वावर बैलांच्या दिवसभराच्या कामावर मोजले जायचे तिथे याला किंमत नव्हती. अंबड महापालिकेत गेले, नाशिक महानगरपालिका १९८२ सालची. एका बाजूला एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला सिडको, आणि फुटाला भाव आला. आता पाचशे फुटांवरून सख्खे भाऊ बोलेनासे होतात.

त्रिकोणाच्या साऱ्या खात्रीत एक धोका आहे, आणि तोही लोकांना सांगावा लागतो. त्रिकोण फार चिंचोळा असला तर तीन बाजूंवरून येणारे क्षेत्रफळ फसवे होते. बाजू ३०, ३० आणि ५९ फूट धरा. क्षेत्रफळ १६१ चौरस फूट. आता लांब बाजू मोजताना टेपला झोल पडला आणि ५९ ऐवजी साडेएकोणसाठ लिहिले गेले. क्षेत्रफळ ११५. अर्ध्या फुटाने सेहेचाळीस फूट गिळले. लांब बाजू ६० लिहिली तर उत्तर शून्य, कारण तिथे त्रिकोणच उरत नाही, नुसती रेषा राहते. म्हणून मोजणीतली जाणती माणसे तीस अंशांहून लहान कोन शक्यतो येऊ देत नाहीत, आणि कर्ण दोनांपैकी कोणता टाकायचा हे आधी चालून, बघून ठरवतात. अशा चिंचोळ्या तुकड्याला मी तीन बाजूंच्या सूत्राचा हट्ट धरत नाही. लांब बाजूवर लंब सोडून मोजायला सांगतो.

देश मोजायला निघालेल्यांनाही हेच पथ्य पाळावे लागले. विल्यम लॅम्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळ साडेसात मैलांची एक रेषा साखळीने मोजली आणि त्या एका बाजूवर कोन घेत घेत त्रिकोणाला त्रिकोण जोडत तो पुढे निघाला. एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या दोन बाजू हिशेबाने येतात, प्रत्येक नव्या बाजूवर पुढचा त्रिकोण उभा राहतो. वाटेत मध्येच पुन्हा एखादी रेषा प्रत्यक्ष मोजून पडताळा घ्यायचा. वीस वर्षे हे काम करून १८२३ च्या जानेवारीत तो वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला आणि तिथेच त्याला पुरले. त्याच्यामागे काम एव्हरेस्टने पुढे नेले. त्याच्या नावाचे शिखर सगळ्यांना माहीत आहे. हिंगणघाटची कबर किती जणांनी पाहिली असेल?

अंबडवरून दक्षिणेला बघितले की महामार्गापलीकडे पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो. जुन्या लेखांत त्याचे नाव त्रिरश्मी. तिथल्या तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीच्या अठराव्या राज्यवर्षातली आज्ञा कोरली आहे: पश्चिम काखडी गावातले, पूर्वी उषवदाताकडे असलेले २०० निवर्तनांचे शेत त्रिरश्मीवरच्या भिक्षूंना दिले. पुढे चोविसाव्या वर्षातली दुसरी आज्ञा आहे. ते शेत कसले जात नाही, गावात वस्ती नाही, तेव्हा नगराच्या सीमेवरच्या राजाच्या शेतातून १०० निवर्तने द्यावीत. मोजक्या ओळींत एका सरकारी कामाची सगळी हकिगत आली: जमीन दिली, ती पडीक निघाली, बदली दिली, निम्मी दिली. निवर्तन किती मोठे? ‘लीलावती’त त्याचे माप आहे, वीस वंशांच्या चार बाजूंनी बांधलेले क्षेत्र, कोन काटकोनात हे धरूनच चालायचे. वंश दहा हातांचा. हात दीड फुटाचा धरला तर निवर्तन दोन एकरांच्या थोडे वर जाते. सातवाहनांचा काळ आणि भास्कराचार्य यांच्यात हजार वर्षे आहेत, तेव्हा हे माप जसेच्या तसे मागे नेणे बरोबर नाही. पण आकडा आहे आणि बाजू नाहीत, हे चित्र मला ओळखीचे आहे. भिक्षूंना ते शेत कोणी चालून दाखवले असेल, कोपरे कोणी सांगितले असतील, हे मनात आल्यावाचून राहत नाही.

आमच्याकडच्या एका घरातली वाटणी सांगतो. वावरातून रस्ता गेला. रस्ता सरळ, वावर तिरके, त्यामुळे एका अंगाला तिकोनी तुकडा उरला. असे तुकडे अंबड, चुंचाळे, पाथर्डी फाट्याच्या बाजूला कितीतरी आहेत. रस्त्याच्या अंगाला १२० फूट, बाकीच्या दोन बाजू ९५ आणि १०५. त्या दोन बाजू मागे जिथे मिळतात त्या टोकाशी, बांधालगत, जुनी सामाईक विहीर. वारस तिघे: दोन भाऊ आणि त्यांच्यात मधली बहीण. मुलीला मुलाइतका वाटा महाराष्ट्राने १९९४ ला दिला, देशाने २००५ ला. घरातल्यांना तो द्यायचाच होता, वाद हक्काचा नव्हता. वाद होता तो रेघ कुठे मारायची याचा.

थोरल्या आप्पांनी हाताने हवेत दोन रेघा मारून दाखवल्या. रस्त्यापासून सरळ मागे, रस्त्याशी काटकोनात, चाळीस-चाळीस फुटांवर. “तिघांना सारखा रस्ता, सारखी जमीन. काय ताई, पटतंय ना?”

ताई म्हणाल्या, “आप्पा, रस्ता सारखा आहे. मागं बघा ना. मधल्याला विहिरीपर्यंत जमीन जाते. कडेच्या दोघांचं कुंपण मध्येच संपतं.”

त्यांनी हे आकडा न काढता, नुसते उभ्याउभ्या बघून सांगितले. मी हिशेब केला तो नंतर. पूर्ण तुकडा ४७८३ चौरस फूट, म्हणजे चार गुंठे आणि वर थोडे. आप्पांच्या रेघांनी मधल्याला २६०० च्या पुढे जाते, कडेच्या एकाला १२३४ च्या आसपास आणि दुसऱ्याला ९३३ च्या आसपास. कडेचा तुकडा ताईंना देण्याचे घाटत होते. आप्पांना हा फरक ऐकून धक्का बसला, तो मी पाहिला. आपण खरोखर सारखेच वाटतो आहोत, असे त्यांना वाटत होते.

त्रिकोणाला सारखे कापायचे तर त्याच्या शेंड्यातून कापावे. रस्त्यावर चाळीस-चाळीस फुटांच्या दोन खुणा करायच्या आणि दोन्ही खुणांपासून रेघ थेट विहिरीच्या टोकापर्यंत न्यायची. तिन्ही तुकड्यांचा पाया चाळीस, तिघांची उंची एकच, रस्त्यापासून त्या टोकापर्यंतचा लंब, ७९ फूट ९ इंच. पाया तोच, उंची तीच, तेव्हा क्षेत्रफळही तेच. प्रत्येकी १५९४ चौरस फूट. आकार तिघांचे तीन तऱ्हेचे, दिसायला एकही दुसऱ्यासारखा नाही. शिवाय तिघांची हद्द विहिरीशी पोचते, पाण्याला जायला कोणाच्या अंगणातून वाट मागायला नको. मागे जागा निमुळती होते हे खरे. तिथे झाडे लावा, घर पुढे घ्या, असे धाकट्यानेच सुचवले.

आप्पांना ते सहज पटले नाही. सारखे म्हणजे सारखे दिसायला हवे, हा त्यांचा आग्रह होता, आणि तो मला चुकीचा वाटला नाही. ज्या माणसाने जन्मभर बांध डोळ्याने सांभाळला त्याने डोळ्यावर विश्वास का ठेवू नये? म्हणून आम्ही प्रत्येक तुकड्याच्या तिन्ही बाजू टेपने मोजल्या. कडेचा ४०, ९५ आणि ८० फूट ७ इंच. मधला ४०, ८० फूट ७ इंच आणि ८४ फूट ७ इंच. पलीकडचा ४०, ८४ फूट ७ इंच आणि १०५. आप्पांच्या नातीने, ती आठवीत आहे, विहिरीच्या कठड्यावर वही ठेवून तिन्हींना हेरॉनचे सूत्र लावले. तिन्ही उत्तरांत दीड फुटाचाही फरक आला नाही. आप्पांनी वही हातात घेतली, तिन्ही आकडे बोटाने एकाखाली एक वाचले आणि म्हणाले, “मग असंच करा.”

रीतसर मोजणी, नकाशा, परवानगी हे सगळे पुढे व्हायचेच होते. त्याआधी घरातल्या घरात कच्चे वाटणीपत्र लिहायला बसलो. नेहमीप्रमाणे चतुःसीमेपासून सुरुवात झाली. पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, क्षेत्र प्रत्येकी १५९४ चौरस फूट, विहीर सामाईक. सह्या करायला पेन पुढे आले तेव्हा ताईंनी कागद स्वतःकडे ओढला.

“सर, आतल्या दोन रेघांची लांबी यात कुठंय?”

ती लिहिली नव्हती. क्षेत्र लिहिले, पुढचा रस्ता लिहिला, एवढे पुरेल असे सगळ्यांनी धरले होते. ताईंनी ती लिहायला लावली, आकड्यांत आणि अक्षरांत, खाडाखोड न करता: ऐंशी फूट सात इंच, चौऱ्याऐंशी फूट सात इंच. त्याखाली त्यांची सही पहिली आणि मग दोघा भावांची.